हातातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ हलतोच आहे? गिंबल घेण्याआधी आणि घेतल्यावर काय तपासायचं

स्टॅबिलायझेशन चालू असतं, तरी व्हिडिओ हलतो. मग गिंबल (मोटरींनी कॅमेऱ्याचा कोन धरून ठेवणारा दांडा) आणला जातो, आणि तरीही हलतो, फक्त वेगळ्या तऱ्हेने. तक्रार एकच वाटली तरी तिच्यामागे चार निरनिराळे दोष असतात: कॅमेऱ्याचा कोन बदलणं, कॅमेरा जागेवरून सरकणं, बारीक थरथर, आणि फ्रेममध्येच उतरलेला ब्लर. एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

लक्षणं

- उभं राहून घेतलेला शॉट ठीक, पण चालायला लागलं की फ्रेम पावलागणिक वर-खाली होते.
- वाइड लेन्सवर मधला भाग स्थिर, पण कडा आणि कोपरे ताणल्यासारखे हेलकावतात.
- फ्रेम जागेवर असते, पण प्रत्येक पावलाला चित्र क्षणभर पुसट होतं. संध्याकाळी किंवा घरात जास्त.
- पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) सुरू करताना चित्र अडखळतं, थांबवताना थोडं पुढे जाऊन मागे येतं.
- ट्रायपॉडवर कोणी हात लावला नसतानाही चित्र हळूहळू सरकतं.
- खांब, दाराच्या चौकटी अशा उभ्या रेषा जेलीसारख्या लवलवतात.
- मॅन्युअल लेन्स लावली की स्टॅबिलायझेशनचा उपयोगच होत नाही, किंवा चित्र उलट जास्त हलतं.
- गिंबलवर क्षितिज तिरकं होतं, मोटर गुणगुणते, किंवा एखादा हात फडफडतो.

पहिली तपासणी: दहा-दहा सेकंदांच्या चार क्लिप

खर्च शून्य. एकच जागा, एकच लेन्स, समोर उभ्या रेषा असलेलं काहीतरी. पहिली क्लिप कॅमेरा टेबलावर ठेवून, सगळं स्टॅबिलायझेशन बंद करून. दुसरी हातात धरून, उभं राहून, फक्त सेन्सरचं किंवा लेन्सचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवून. तिसरी तशीच, पण इलेक्ट्रॉनिकही चालू. चौथी तिसऱ्याच सेटिंगवर, चालत.

टेबलावरची क्लिपच हलत असेल तर दोष हाताचा नाही. काहीतरी ढिलं आहे किंवा बिघडलं आहे. दुसरी चांगली आणि तिसरी वाईट असेल तर इलेक्ट्रॉनिक भाग घोळ घालतो आहे. फक्त चौथी वाईट असेल तर कॅमेरा ठणठणीत आहे. प्रश्न चालण्याचा, शटरचा किंवा लेन्सच्या रुंदीचा आहे. या क्लिप मोठ्या स्क्रीनवर पाहा. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सगळंच स्थिर दिसतं.

नेमकं काय चालू आहे?

मेनूतल्या "स्टॅबिलायझेशन: ऑन" वरून फारसं कळत नाही. आत तीन गोष्टी असू शकतात. लेन्समधली काच हलवणारं ओआयएस. ते मुख्यतः कॅमेऱ्याचं वर-खाली झुकणं आणि डावी-उजवीकडे वळणं सावरतं. सेन्सर हलवणारं आयबिस. ते त्याशिवाय क्षितिजाचं डुलणं आणि थोडंफार सरकणंही सावरतं. पाच अक्षांचं (या पाचही हालचाली सावरणारं) आयबिस २०१२मध्ये ऑलिंपसच्या ई-एम५ मध्ये आलं, तेव्हापासून हे मिश्रण सगळीकडे रुळलं. तिसरं इलेक्ट्रॉनिक: फ्रेमच्या कडा कापून उरलेली चौकट उलट दिशेने सरकवायची.

प्रत्येक कंपनीने तिसऱ्याला वेगळं नाव दिलं आहे. सोनीत ॲक्टिव्ह, कॅननमध्ये मूव्ही डिजिटल आयएस, निकॉनमध्ये इलेक्ट्रॉनिक व्हीआर, पॅनासॉनिकमध्ये ई-स्टॅबिलायझेशन. ऑलिंपसमध्ये एम-आयएस १ म्हणजे सेन्सर अधिक इलेक्ट्रॉनिक, आणि एम-आयएस २ म्हणजे फक्त सेन्सर. पॅनासॉनिकचं बूस्ट आयएस मात्र कॅमेरा जवळजवळ एका जागी धरून ठेवायचा असेल तेव्हासाठी आहे. ते चालू ठेवून पॅन केला की चित्र अडखळणारच, त्यात बिघाड काही नाही.

मग लेन्सच्या अंगावरचा स्विच पाहा. बॅगेतून काढताना तो सहज बंद होतो, आणि कित्येक कॅमेऱ्यांत हाच स्विच आयबिसलाही बंद करतो. शिवाय काही कॅमेऱ्यांत जास्त फ्रेम रेट निवडला की इलेक्ट्रॉनिक भाग न सांगता बंद पडतो. स्लो मोशनचे शॉटच तेवढे हलत असतील तर आधी हे तपासा.

ट्रायपॉडवर सरकणारं चित्र याच पायरीवर सुटतं. कॅमेरा पूर्ण स्थिर असला तरी जायरोच्या (कॅमेऱ्याचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) वाचनात किंचित चूक असते. स्टॅबिलायझेशन त्या चुकीलाच हालचाल समजतं आणि भरपाई करत राहतं. ट्रायपॉडवर बंद, हातात चालू. अपवाद नाही.

मॅन्युअल लेन्सची फोकल लेंग्थ

हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि फसवणारंही. लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसेल तर ती किती मिलिमीटरची आहे, म्हणजे तिची फोकल लेंग्थ, हे कॅमेऱ्याला कळत नाही. कॅमेरा १ अंशाने झुकला तर २४ मिमी लेन्सवर चित्र सेन्सरवर साधारण ०.४ मिमी सरकतं, आणि २०० मिमीवर ३.५ मिमी. किती भरपाई करायची हे सर्वस्वी याच आकड्यावर ठरतं. मेनूत ५० राहिलं आणि पुढे १३५ मिमी लावली तर निम्म्याहून जास्त हादरा तसाच राहील. उलट ५० भरून २४ मिमी लावली तर दुप्पट भरपाई होऊन चित्र विरुद्ध दिशेने हलेल. लेन्सवर छापलेला आकडाच भरायचा. क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) गुणाकार करून भरायचा नाही, कारण सेन्सर किती सरकवायचा हे लेन्सच्या खऱ्या फोकल लेंग्थवर ठरतं.

टेलीफोटोवर फक्त आयबिस तोकडं का पडतं, तेही याच हिशेबातून कळतं. सेन्सरला सरकायला काही मिलिमीटरच जागा असते, आणि २०० मिमीवर ती एक-दोन अंशांतच संपते. तिथे लेन्समधलं ओआयएस हवं.

शटर

"फ्रेम स्थिर, पण चित्र धडधडल्यासारखं पुसट होतं" हे लक्षण असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी शटर बघा. शटर म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद हा नियम सिनेमासारख्या हालचालीसाठी चांगला आहे. पण १/५० सेकंदात पाऊल आदळलं तर त्या फ्रेममध्ये ब्लर उतरतो. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन फ्रेम जागेवर आणतं, ब्लर तसाच ठेवतं. चित्र हलत नाही, मग पुसट का होतं, हे पाहणाऱ्याच्या डोळ्याला कळत नाही. म्हणून ते साध्या हादऱ्यापेक्षाही जास्त खटकतं. ॲक्शन कॅमेऱ्यांची संध्याकाळची फूटेज बहुधा यामुळेच खराब दिसते.

उपाय: चालत शूट करताना १/१००, भरपूर उजेड असेल तर १/२००. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) दुप्पट करावा लागतो. विजेच्या दिव्यांखाली एक अट पाळा. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे १/५० किंवा १/१०० धरा, १/२०० वर पट्टे येऊ शकतात. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. एवढं करून अंधारात भागत नसेल तर इलेक्ट्रॉनिक बंद करून आयबिस किंवा गिंबलवर जा. ते दोन्ही एक्सपोजर चालू असतानाच हालचाल सावरतात, त्यामुळे ब्लरही कमी होतो. अंधारात गिंबल सरस ठरतो तो मुख्यतः याच कारणाने.

धरणं आणि चालणं

आयबिस काय सावरतं आणि काय नाही, हे एका उदाहरणात पाहू. चालताना शरीर दर पावलाला चार-पाच सेंटीमीटर वर-खाली होतं. समजा कॅमेरा ४ सेंटीमीटर वर गेला. २४ मिमी लेन्स, फुल फ्रेम (३६ मिमी रुंद) सेन्सर, आणि समोरची वस्तू १ मीटरवर असेल तर ती सेन्सरवर जवळपास १ मिमी सरकेल. फोर-केच्या चौकटीत हे शंभरेक पिक्सेल झाले. तीच वस्तू १० मीटरवर असेल तर दहाच पिक्सेल. म्हणून मोकळ्या मैदानात चालत घेतलेला शॉट छान येतो, आणि तोच कॅमेरा, तेच सेटिंग घेऊन अरुंद बोळात शिरलं की भिंती उड्या मारतात.

हे सरकणं आहे, झुकणं नाही. तीन अक्षांचा गिंबलही ते सावरत नाही! गिंबलच्या तिन्ही मोटरी फक्त कोन धरून ठेवतात. उंची पायांनीच सांभाळायची असते. गिंबल घेऊनही "पावलं दिसतात" ही तक्रार सर्वांत जास्त येते ती यामुळे, आणि ती गिंबलमधला बिघाड नव्हे.

गुडघे किंचित वाकवा आणि शूट होईपर्यंत पूर्ण सरळ करू नका. टाच आधी टेकवून पाऊल बोटांकडे गुंडाळत न्या. पावलं नेहमीपेक्षा छोटी टाका. कोपरं बरगड्यांना लावून ठेवा. गिंबल नसेल तर पट्टा मानेत अडकवून कॅमेरा पुढे ताणून धरा. दोन हात आणि एक ताण असे तीन आधार झाले की बारीक थरथर चटकन कमी होते. पट्टा नको असेल तर व्ह्यूफाइंडर डोळ्याला टेकवा. आणि शॉट हळू चालला तर चालणार असेल तर ५० फ्रेमने घेऊन २५ वर वाजवा. वेग निम्मा झाला की उरलेलं वर-खाली होणं तितकं डोळ्यांत खुपत नाही.

वाइड लेन्सचे हेलकावणारे कोपरे

हा बिघाड समजून लोक कॅमेरा दुरुस्तीला नेतात. तो भूमितीचा परिणाम आहे.

सरळ रेषा सरळ दाखवणाऱ्या लेन्समध्ये कॅमेरा थोडा वळला की चित्राचा मध्य जितका सरकतो, त्याहून कडा जास्त सरकतात. फुल फ्रेमवर ५० मिमीला डाव्या-उजव्या कडा मध्यापेक्षा साधारण १.१ पट सरकतात, २४ मिमीला दीडपट, १६ मिमीला सव्वादोन पटींहून थोड्या जास्त. आयबिस अख्खा सेन्सर मध्याच्या हिशेबाने सरकवतं. मध्य थांबतो, कडांचं उरलेलं सरकणं तसंच राहतं. १६ मिमीवर ते उरलेलं सरकणं मध्याच्या मूळ हादऱ्यापेक्षाही जास्त असतं, म्हणून कोपरे वितळल्यासारखे दिसतात.

करण्यासारख्या गोष्टी, स्वस्तापासून: २० मिमीपेक्षा रुंद लेन्सवर चालत शूट करताना मागे सरकून २४ ते २८ मिमी वापरा. रुंदी हवीच असेल तर आयबिस बंद करून फक्त इलेक्ट्रॉनिक वापरून बघा. काही कॅमेरे जायरोच्या माहितीवरून चित्र कडांपर्यंत नीट वळवतात, काही नुसतीच चौकट सरकवतात. चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही. काही नव्या कॅमेरा-लेन्स जोड्या कडांचाही वेगळा हिशेब धरतात. कॅननने २०२३च्या आरएफ १०-२० मिमी लेन्ससोबत अशी सोय आणली. यातलं काही जमत नसेल तर वाइड आणि चालणं एकत्र आलं की उत्तर गिंबल हेच. तो कॅमेराच वळू देत नाही, त्यामुळे कडांचा प्रश्न उद्भवतच नाही.

क्रॉपचाही हिशेब धरा. इलेक्ट्रॉनिकने १.१ पट कापलं तर २० मिमीची लेन्स २२ची होते, १.४ पट कापलं तर २८ची. हात लांब करून स्वतःचं चित्रण करणाऱ्यांना पहिला आकडा चालतो. दुसऱ्यात चेहऱ्याशिवाय काही मावत नाही.

जेली आणि बारीक थरथर

सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्या वेळात कॅमेरा थरथरला की उभी रेषा लवलवते. हे बहुतेक वेळा कशाच्या तरी ढिलेपणामुळे होतं, म्हणून हाताने तपासा: ट्रायपॉड प्लेटचा स्क्रू, केजचे (कॅमेऱ्याभोवतीच्या चौकटीचे) स्क्रू, फिल्टरची रिंग, लेन्स हूड, अडॅप्टर. कॅमेरा धरून लेन्स हलकेच फिरवा. अडॅप्टरमध्ये केसाएवढीही हालचाल जाणवली तर शंका अडॅप्टरवर. माइकची लोंबती वायर आणि उघडी स्क्रीनसुद्धा वाऱ्यात थरथर देतात.

गाडी, बाइक, ड्रोन यांच्या इंजिनाची थरथर वेगळी. ती इतकी जलद असते की आयबिस किंवा ओआयएस तिच्याशी जुळवून घेऊच शकत नाही, वर स्वतःच डगमगतं. अशा ठिकाणी कॅमेरा रबरी डॅम्परवर बसवा. फोन असेल तर मोटरसायकलच्या हँडलला बसवूच नका. जोरदार इंजिनाच्या थरथरीने आयफोनचं ओआयएस आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं, असा इशारा ॲपलने २०२१मध्ये दिला होता. पॅनासॉनिकने २०१८मध्ये जीएच५एस हा व्हिडिओसाठीचा कॅमेरा आयबिसशिवाय काढला. स्टॅबिलायझेशन बंद केलेला सेन्सरही गाडीवरच्या हादऱ्यांनी हलू शकतो, हे त्यामागचं एक कारण.

गिंबलवर आहात तर

एका हादऱ्याला एकच राखणदार. इलेक्ट्रॉनिक नेहमी बंद. आयबिस आणि ओआयएसही बंद ठेवून सुरुवात करा. गिंबलने मुद्दाम केलेला पॅन आयबिसला हादरा वाटतो. ते चित्र धरून ठेवतं, जागा संपली की सोडतं, आणि शॉट अडखळतो. लांब लेन्सवर उरलेली बारीक थरथर मारायला आयबिस साध्या मोडवर ठेवलेलं कधी कधी बरं पडतं. पण ते चाचणीनंतर.

मग बॅलन्स. गिंबल बंद ठेवून, प्रत्यक्ष शूटला जो सरंजाम असेल तोच लावून: बॅटरी, कार्ड, फिल्टर, माइक, वायर, स्क्रीन ज्या स्थितीत राहील त्या स्थितीत. लेन्स कॅप काढलेली हवी. आधी टिल्ट (वर-खाली झुकण्याचा अक्ष): लेन्स समोर असताना कॅमेरा पुढे-मागे सरकवा, मग लेन्स आकाशाकडे करून उंची जुळवा. कॅमेरा ४५ अंशांवर सोडला तरी तिथेच थांबला पाहिजे. मग रोल (क्षितिज डुलण्याचा अक्ष). शेवटी पॅन: मूठ वीसेक अंश तिरकी धरा, पॅनचा हात आपोआप खाली झुलायला नको. मोटर चालू असताना बॅलन्स "ठीक वाटतो" याला काही अर्थ नाही, मोटर चूक झाकत असते आणि त्यात बॅटरी आणि स्वतःला तापवत असते.

झूम केल्यावर पुढे निघणारी लेन्स असेल तर झूमच्या प्रत्येक टोकाला बॅलन्स वेगळा. एक झूम ठरवा आणि तिथेच राहा. गिंबलच्या हातातून जाणारी एचडीएमआयची जाड वायर हा आणखी एक नेहमीचा गुन्हेगार. ती ताठ असेल तर मोटरला सतत ओढते. पातळ, मऊ वायर घ्या आणि प्रत्येक सांध्यावर थोडी ढील ठेवा.

बॅलन्स झाल्यावर मोटरची ताकद ऑटो ट्यूनने लावा. गुणगुण किंवा फडफड असेल तर ताकद जास्त आहे, थोडी उतरवा. कॅमेरा वळणावर मागे रेंगाळत असेल तर चढवा. वळताना झटका येत असेल तर फॉलोचा (मुठीमागे कॅमेरा वळण्याचा) वेग कमी करा आणि डेडबँड (मूठ किती हलली तरी कॅमेरा वळणार नाही ती मर्यादा) वाढवा.

क्षितिज तिरकं राहत असेल तर कॅलिब्रेशन. गिंबल स्थिर, सपाट जागी ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि ते चालू असताना टेबलाला धक्का लावू नका. चालत्या गाडीत वळणावर क्षितिज कलतं ते मात्र कॅलिब्रेशनने जात नाही. वळणाचा बाजूचा जोर आणि गुरुत्वाकर्षण यांतला फरक सेन्सरला कळत नाही. वळण संपलं की काही वेळात ते सावरतं.

एडिटिंगमध्ये

सॉफ्टवेअरने चित्र स्थिर करायचं ते कडांना मोकळी जागा ठेवून शूट केलं असेल तरच. फोर-के घेऊन फुल एचडीत द्यायचं असेल तर दोन पटींपर्यंत कापता येतं. आधीच इलेक्ट्रॉनिक लागलेल्या फूटेजवर पुन्हा सॉफ्टवेअर चालवू नका, हेलकावे दुप्पट होतात. कॅमेरा जायरोची माहिती साठवत असेल तर जायरोफ्लो हे मोफत सॉफ्टवेअर चित्रावरून अंदाज बांधणाऱ्या साधनांपेक्षा बरंच स्वच्छ काम करतं. शटर मात्र जलद हवं.

इथे थांबा

बंद कॅमेरा हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज येणं बहुतेक आयबिस कॅमेऱ्यांत नैसर्गिक आहे. सेन्सर विद्युतचुंबकांवर तोललेला असतो आणि वीज गेली की मोकळा पडतो. चालू असताना येणारी हलकी गुंजही तशीच. यासाठी पैसे खर्चू नका.

पण कॅमेरा टेबलावर असताना चित्र उड्या मारत असेल आणि लेन्स बदलूनही तेच होत असेल; घासल्याचा आवाज येत असेल; स्टॅबिलायझेशनचा एरर येत असेल; किंवा कॅमेरा पडल्यानंतर वेगवेगळ्या लेन्सवर, एफ/८ लाही (लेन्सचं छिद्र लहान करूनही), तोच एक कोपरा मऊ दिसत असेल, तर अधिकृत सर्व्हिसकडे द्या. सेन्सरची जागा मायक्रॉनच्या हिशेबाने जुळवलेली असते आणि दुरुस्तीनंतर कंपनीच्या उपकरणांवर कॅलिब्रेट करावी लागते. स्क्रू उघडून, सेन्सर बोटाने ढकलून किंवा दाबाची हवा मारून काही दुरुस्त होत नाही. लेन्स बदलल्यावर दोष गेला तर फक्त लेन्स द्या.

गिंबल बंद असताना हात फिरवून बघा. एखादा अक्ष खडखडत किंवा अडकत फिरत असेल, हात वाकला असेल, पाणी शिरलं असेल, किंवा बॅलन्स आणि कॅलिब्रेशन नीट होऊनही एकच मोटर झटके देत असेल तर चालू करून प्रयोग वाढवू नका, सर्व्हिसला द्या. बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

आणि जिन्यावरून उतरत, दारातून जात, न तोडता मिनिटभर चालणारा शॉट मोबदल्याच्या कामात हवा असेल तर स्टेडिकॅम (अंगावर बांधायचा कॅमेऱ्याचा आधार) चालवणारा माणूस बोलवा. त्याचा स्प्रिंगचा हात पावलांची उंची गिळतो, जे आयबिसही करत नाही आणि तीन अक्षांचा गिंबलही.